पासपोर्टची भारतीय कुळकथा

राज्याची हद्द ओलांडायला शिक्का किंवा कागद लागावा, ही रीत भारतात फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारीच आहे. एक माषक घेऊन तो मुद्रा देई. ती जवळ असली की जनपदात शिरता येई किंवा तिथून बाहेर पडता येई. मुद्रेविना सापडलेल्या रहिवाशाला बारा पण दंड होता आणि खोटी मुद्रा बाळगणाऱ्याला त्याहून कडक शिक्षा होती. खोटी मुद्रा परमुलखातल्या माणसाजवळ निघाली, तर शिक्षा आणखी जबर. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हीच युक्ती समुद्रावर नेली. त्यांचा कार्ताझ हा परवाना जवळ नसलेले जहाज अरबी समुद्रात पकडले वा लुटले जाई. पुढे कान्होजी आंग्र्यांनी कोकण किनाऱ्यावर आपले दस्तक चालवले. इंग्रजांनी ते घ्यायचे नाकारले आणि दोघांचे वैर वाढले. मात्र कार्ताझ काय नि दस्तक काय, त्यांचा डोळा मुख्यतः जहाजावर, मालावर आणि वसुलीवर होता.

आजचा पासपोर्ट या परंपरेतून सरळ उतरलेला नाही. तो पहिल्या महायुद्धाचे अपत्य आहे. त्याआधी कराराने परदेशी जाणाऱ्या गिरमिटिया मजुरांसाठी वेगळे कायदे होते, पण स्वतःच्या पैशाने बोटीचे तिकीट काढणाऱ्याला सरसकट अडवणारी व्यवस्था हिंदुस्थानात नव्हती. असे भारतीय येत राहणे कॅनडाला खुपत होते. भारतीय नकोत, असे कायद्यात उघड लिहिणे ब्रिटिश साम्राज्याला अडचणीचे. म्हणून 1908 मध्ये आडवाट काढली गेली. मायदेशातून कुठेही न खंडता, सलग प्रवास करून येणाऱ्यालाच प्रवेश मिळेल, असा नियम झाला. तसा प्रवास हिंदुस्थानातून जवळपास अशक्यच होता. 1914 मध्ये 376 प्रवासी घेऊन ‘कोमागाटा मारू’ ही बोट व्हँकूव्हरला पोचली. दोन महिने बंदरात अडकून पडल्यावर बहुतेक सगळ्यांना परत फिरावे लागले.

ते प्रवासी परत येईपर्यंत युद्ध पेटले होते. सप्टेंबर 1914 मध्ये सरकारने बाहेरून हिंदुस्थानात येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा वटहुकूम काढला. कलकत्त्याजवळ बजबज इथे या प्रवाशांना खास गाडीत बसवून पंजाबात धाडण्याचा बेत होता. अनेकांनी नकार दिला, गोळीबार झाला आणि सुमारे वीस प्रवासी मेले. ब्रिटिश सत्ता उलथवायला परदेशांतून परतणाऱ्या गदर पक्षाच्या क्रांतिकारकांची धास्ती सरकारने घेतली होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. युद्धकाळात पासपोर्टची सक्ती आली ती तात्पुरती म्हणून. युद्ध संपले, सक्ती राहिली. 1920 मध्ये पासपोर्ट कायदा झाला आणि त्याच वर्षी पॅरिसच्या परिषदेत 32 पानी पुस्तिकेचा नमुना ठरला.

या 1920 च्या कायद्यात एक मोठी फट होती. पासपोर्टविना देशात येणे त्याने गुन्हा ठरवले. देश सोडण्याविषयी त्यात चकार शब्द नव्हता. तरीही पासपोर्ट नसलेल्याला कोणतीच विमान कंपनी घेत नसे. त्यामुळे कोणी परदेशी जायचे नि कोणी नाही, हे स्वातंत्र्यानंतरही वीस वर्षे कोणत्याही कायद्याच्या आधाराविना सरकारी कचेरीत ठरत राहिले. पासपोर्ट हा राजकीय दस्तऐवज आहे, तो देणे न देणे सरकारच्या मर्जीवर, अशी भूमिका घेतली जाई. मुंबई उच्च न्यायालयाने ती आधीच अमान्य केली होती. 10 एप्रिल 1967 रोजी सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तीन विरुद्ध दोन मतांनी ती फेटाळली. परदेशी जाणे हा राज्यघटनेच्या 21 व्या अनुच्छेदातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि कायद्याविना तो हिरावता येणार नाही, असा निकाल सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी दिला.

सरकारची मग धावपळ उडाली. मे महिन्यात वटहुकूम निघाला आणि जूनमध्ये नवा पासपोर्ट कायदा झाला. देशाची सार्वभौमता, सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री किंवा सर्वसामान्य जनतेचे हित, यांपैकी कोणत्याही कारणाने पासपोर्ट जप्त करता येईल, असे त्यात आले. पहिल्या तीन कारणांना निदान आकार आहे; चौथे म्हणजे पोतडीच. पुस्तिका कायम सरकारच्या मालकीची राहील, असेही सतराव्या कलमाने ठरवले.

ती पोतडी दहा वर्षांनी उघडली. जुलै 1977 मध्ये मनेका गांधींना पासपोर्ट कार्यालयाचे पत्र आले : सात दिवसांत पासपोर्ट जमा करा. कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, जनहितासाठी कारणे सांगता येत नाहीत. 25 जानेवारी 1978 रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने ठरवले, की नुसता कायदा असून भागत नाही. त्यातली रीत न्याय्य आणि वाजवी हवी, आणि माणसाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. हा निकाल पुढे शेकडो खटल्यांचा आधार झाला. खुद्द अर्जदाराच्या हाती मात्र पासपोर्ट आला नाही. म्हणणे ऐकून घेण्याची हमी सरकारने दिली म्हणून जप्तीचा आदेश रद्द झाला नाही आणि पुस्तिका न्यायालयाच्या निबंधकांकडेच राहिली.

त्यानंतर अडवणूक पुस्तिकेपुरती उरली नाही. लुकआउट सर्क्युलर, म्हणजे अमुक माणसाला देशाबाहेर जाताना अडवा अशी इमिग्रेशनला दिलेली सूचना, गृह मंत्रालयाच्या परिपत्रकांवर चालते. वैध पासपोर्ट खिशात असलेल्या माणसाला अनेकदा या सूचनेचा पत्ता विमानतळावरच्या इमिग्रेशनच्या खिडकीशीच लागतो. सरकारी बँकांच्या प्रमुखांनाही कर्जबुडव्यांविरुद्ध ते मागण्याचा अधिकार देण्यात आला होता. एप्रिल 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. तपास यंत्रणांचा तसा अधिकार या निकालाने गेलेला नाही.