चूल, लाकडाची (कुही तालुका, जि. नागपूर)

सरपण, तुराट्या, पऱ्हाटी किंवा गोवऱ्या जाळून स्वयंपाक करण्याचे व पाणी तापवण्याचे मातीचे अथवा सिमेंटचे साधन. कुही तालुक्यात गॅस आल्यावरही ती मोडीत निघालेली नाही. उपड्या मडक्यावरच्या लांब पोळ्या आणि गोवऱ्यांच्या आरातले रोडगे गॅसवर साधत नाहीत. हिवाळ्यात घरभराचे आंघोळीचे पाणी गॅसवर तापवणे परवडतही नाही.

कायदा : घरात चूल घालायला परवाना लागत नाही, प्रश्न येतो तो सरपणाचा. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचा (घोषणा 2012) काही भाग या तालुक्यात असल्याने तो इथे टाळता येत नाही. राखीव वनातून विनापरवाना लाकूड तोडणे वा नेणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चे कलम 29 अभयारण्यातून वनोपज काढण्यास मनाई करते. परवानगीने काढलेले वनोपज आसपासच्या रहिवाशांना घरच्या गरजेपुरते वापरता येते, विकता येत नाही. बांधावरचे झाड आपलेच असले तरी मोह, साग, आंबा, चिंच यांसारख्या अनुसूचित झाडांवर कुऱ्हाड चालवण्याआधी 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. तुरीच्या आणि कपाशीच्या शेतातले निर्धास्त जळण म्हणजे तुराट्या आणि पऱ्हाटी. ते भराभर जळते, म्हणून चुलीपुढून उठता येत नाही, एवढाच त्याचा जाच.

निर्धूर चूल : धुराचा विचार विदर्भात लवकर झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत, 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कामातून ‘मगन चूल’ आली. पुढे 1980 च्या दशकात केंद्राचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने धुराडे असलेली, दोन तोंडांची ‘लक्ष्मी’ चूल प्रसारात आणली. केंद्राचा कार्यक्रम 2002 मध्ये गुंडाळला गेला. चुली बसवल्या गेल्या, त्यांची निगा कोणी राखायची हे मात्र ठरले नव्हते. त्यामुळे तो गुंडाळला जाण्यात नवल वाटत नाही. बाजारातल्या हलवता येणाऱ्या चुलींसाठी आयएस 13152 हे भारतीय मानक आहे. विकत घेताना ती खूण पाहावी.

बसवणे : दोन तोंडांच्या चुलीत जाळ पहिल्या तोंडाखाली लागतो, उरलेली धग आतल्या बोगद्यातून वैलाखाली (दुसऱ्या तोंडाखाली) जाते आणि धूर धुराड्याने बाहेर पडतो. मोठे गंज बसावे म्हणून चुलीचे तोंड खोरून वाढवले, की नेहमीच्या भांड्याभोवती फट राहते आणि सगळा धूर तिथूनच घरात येतो. मग धुराडे नुसते उभे राहते. पाइप तीन-चार इंच व्यासाचा, शक्यतो सरळ आणि छपराच्या वर किमान दोन फूट असावा. टोकाला टोपी हवी. कवेलूच्या घरात खरा धोका पाइप छपरातून निघतो तिथे असतो. लाकडी फाट्यांपासून तो हातभर लांब ठेवून भोवती पत्र्याची चकती बसवावी. काजळी साचली की ओढ मंदावते. महिन्यातून एकदा, चूल थंड असताना, दोरीला गोणपाटाचा बोळा बांधून तो पाइपमधून वरून खाली ओढावा.

जाळणे : ओल्या लाकडाची बरीच धग त्यातले पाणी आटवण्यात जाते, म्हणून पावसाळ्याआधी सरपण आडोशाला रचलेले बरे. जाळ पकडावा म्हणून पन्नी किंवा टायरचा तुकडा घालायची सवय वाईट; कण्हेरीचे लाकूड तर विषारीच. कुही-मांढळ भागात मिरचीचे देठ खुडण्याचे सातरे चालतात आणि देठांचे ढीग निघतात. ते चुलीत टाकले, की चुलीजवळचीच नव्हे, शेजारची माणसेही खोकत बाहेर येतात.

थंडीच्या रात्री निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला जागही येत नाही. राखेखाली निखारा बराच वेळ जिवंत राहतो. उन्हाळी वाऱ्यात राख उकिरड्यावर टाकण्याआधी पाणी शिंपडावे. विस्तवाच्या निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या जिवाला धोका झाल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम 287 लागू होते.

चूल आणि सिलिंडर एकाच स्वयंपाकघरात ठेवू नयेत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो, आणि चूलही जमिनीवरच असते.