दुरुस्ती आणि मोबदला : एका ऱ्हासाची मीमांसा

वस्तू बिघडताच ती टाकून नवी घेण्याची आजची रीत हे ग्राहकाच्या चंचल वृत्तीचे फळ होय, असे सामान्यतः मानले जाते. ही उपपत्ती अपुरी आहे. वस्तू घडविणाऱ्यास मोबदला नेमका कशाबद्दल मिळतो, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

महाराष्ट्रातील बलुतेपद्धती या दृष्टीने उद्बोधक ठरते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात तिचे सविस्तर विवेचन आढळते. सुताराने नांगर, पाभर, कुळव नीट राखावेत, लोहाराने फाळ शेवटावा आणि सुगीनंतर खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते घ्यावे, असा हा व्यवहार होता. मोबदला दर कामामागे नसून वर्षभराच्या सेवेबद्दल असे. औत वारंवार मोडल्यास कारागिराचे श्रम वाढत, धान्य मात्र वाढत नसे. साहजिकच अवजाराचा टिकाऊपणा उभयतांच्या हिताचा होता.

तथापि या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे इतिहासाला धरून होणार नाही. धंदा जन्माने ठरत असे आणि सेवा नाकारण्याची मोकळीक बलुतेदारांस फारशी नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या सुधारणेचे विधेयक मांडले, ते महार वतनदारांची अशीच जखडणूक दूर करण्यासाठी. दुरुस्ती स्वस्त होती, याचे एक कारण श्रम स्वस्त होते, हे विसरता येत नाही.

कारखानदारीत मोबदल्याचे सूत्र पालटले. उत्पन्न विक्रीच्या नगसंख्येवर अवलंबून राहिले आणि टिकाऊपणा उत्पादकाच्या हिताआड येऊ लागला. १९२४ च्या डिसेंबरात जिनीव्हा येथे ओसराम, फिलिप्स आदी विद्युद्दीप-उत्पादकांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापिला. दिव्याचे आयुष्य सुमारे १००० तास ठरविण्यात आले. अधिक टिकणाऱ्या दिव्यांबद्दल सभासदांस दंड होई. अल्पायुषी दिवा तेवढ्याच विजेत अधिक प्रकाश देतो, हा तांत्रिक युक्तिवाद ब्रिटिश मक्तेदारी आयोगाने १९५१ मध्ये बव्हंशी ग्राह्य धरला. परंतु निवड ग्राहकावर न सोपविता दंडाने लादली जावी, यातच व्यापारी हेतूची साक्ष मिळते. १९३२ साली अमेरिकेतील बर्नार्ड लंडन यांनी तर मंदीवर उपाय म्हणून वस्तूंचे आयुष्य सरकारने ठरवावे आणि मुदतीनंतर त्या वापरणाऱ्यांवर कर बसवावा, असे सुचविले. दीर्घकाळ वापर हा येथे गुणाऐवजी दोष ठरला.

या प्रवृत्तीस अलीकडे कायद्याने आळा घालण्याचे प्रयत्न होत आहेत. फ्रान्सने २०१५ मध्ये वस्तूंचे आयुष्य हेतुतः घटविणे हा गुन्हा ठरविला, तर २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तीक्षमतेचा गुणांक छापणे बंधनकारक केले. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीविषयक माहितीचे संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघाचा दुरुस्तीच्या हक्काविषयीचा निर्देश २०२४ चा आहे.

सुटे भाग आणि माहिती यांची उपलब्धता अशा उपायांनी वाढू शकेल. परंतु उत्पादकाचे उत्पन्न नव्या विक्रीशीच निगडित राहील, तोवर मूळ विसंगती कायम राहील. बलुत्याने टिकाऊपणा आणि मोबदला यांची सांगड घातली, पण ती कारागिराच्या स्वातंत्र्याचे मोल देऊन. ते मोल न देता ही सांगड पुन्हा कशी घालावी, हाच या इतिहासातून उद्भवणारा खरा प्रश्न होय.