फोन कोणाचा?

कंपनीच्या दुकानाबाहेरून एखादं अ‍ॅप घ्यायचं म्हटलं, तर आयफोन बहुतेक देशांत सरळ नाही म्हणतो. अँड्रॉईड घेऊ देतो, पण आधी धोक्याची सूचना दाखवतो. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूला मालकाने काय जोडावं, हे विकणाऱ्याने ठरवायचं का? वाद वाटतो तितका नवा नाही. अमेरिकेत तो तारेच्या फोनवरून होऊन गेला आहे, आणि तोही एका साध्या टोपणावरून.

‘हश-ए-फोन’ हे त्या टोपणाचं नाव. फोनच्या तोंडाशी बसवलं की आपलं बोलणं शेजारच्याला ऐकू जात नसे. टेबलाला टेबल लावून ज्यांनी नोकरी केली, त्यांना याचं मोल सांगायला नको. त्यात वीज नव्हती, तार नव्हती. पण ए. टी. अँड टी. या बलाढ्य टेलिफोन कंपनीचा नियम असा, की तिने न दिलेली कोणतीही वस्तू फोनला लावायची नाही. फोनही तिचाच, भाड्याने दिलेला. सरकारी दळणवळण आयोगाने १९५५ साली कंपनीचीच बाजू घेतली. १९५६ मध्ये अपील न्यायालयाने ते फिरवलं. हाताची ओंजळ करून बोललेलं चालतं, तर मग टोपण का चालू नये, असा न्यायालयाचा सवाल होता. मला तो फार आवडतो.

पुढे टेक्ससचे टॉम कार्टर आले. तेलविहिरींवरची माणसं रेडिओवरून बोलत. त्यांना फोनशी जोडायला कार्टर यांनी १९५९ च्या सुमारास एक पेटी काढली. फोनचा रिसीव्हर तिच्यावर ठेवायचा, बस. अशा सुमारे साडेतीन हजार पेट्या खपल्या. परकं यंत्र जोडलं तर सगळं जाळं बिघडेल, असं कंपनी म्हणाली. १९६८ मध्ये आयोगाने कार्टर यांच्या बाजूने निकाल दिला. मग बाहेरची उपकरणं फोनला लागू लागली. घराघरात इंटरनेट नेणारा मोडेम त्याच वाटेने आला.

मी कार्टर यांच्या बाजूचा. तरी एक कबूल करायला हवं : पेटी तारेला शिवत नव्हती, अ‍ॅप मात्र आत शिरतं. आपल्याकडे लग्नपत्रिका म्हणून आलेली फाईल उघडली आणि बँकेचं खातं रिकामं झालं, असे प्रकार घडले आहेत. पहारा हवाच. पण दाराशी उभा असलेला पहारेकरी काही विक्रीवर तीस टक्क्यांपर्यंत वाटा घेत आला असेल, तर तो केवळ आपल्या काळजीपोटी उभा आहे असं कसं मानावं?

युरोपीय संघाच्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तिथल्या आयफोनवर अ‍ॅपलला इतरांची दुकानं येऊ द्यावी लागली. तपासणी आणि शुल्काच्या अटी मात्र तिने ठेवल्याच. १९६८ नंतर टेलिफोन कंपनीनेही तेच केलं होतं. बाहेरचं यंत्र जोडा, पण मध्ये आमचा जोड भाड्याने घ्या, अशी तिची अट होती. कोणती यंत्रं निर्धोक आहेत याची नोंदणी आयोगाने स्वतःकडे घेतली, तेव्हा कुठे ती अट सुटली. त्यात सत्तरचं दशक बरंचसं सरलं होतं.