डब्यावरचा ‘डब्ल्यू’ आणि राजूरची थंडी

राजूर म्हटलं की अकोले तालुक्याबाहेरच्या माणसाला पेढे आठवतात, नाहीतर डांगी जनावरांचं प्रदर्शन. डांगी बैलाच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे सह्याद्रीच्या झोडपणाऱ्या पावसात तो टिकून राहतो. त्याला वंगण निसर्गानंच दिलेलं आहे. त्याच्या मागच्या गाडीच्या आसाला मात्र माणसाला वंगण घालावं लागे, आणि त्यासाठी एरंडेल चाले.

इंजिन ऑइलचा इतिहास मला या आसापासून सुरू करावासा वाटतो, कारण तो खरोखरच एरंडेलावरून पुढे गेला आहे. चार्ल्स वेकफिल्ड यांनी १८९९ साली लंडनमध्ये तेलाची कंपनी काढली. १९०९ साली त्यांनी नव्या इंजिनांसाठी एरंडेल मिसळलेलं तेल आणलं आणि एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरून त्याला ‘कॅस्ट्रॉल’ म्हटलं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची इंजिनंही एरंडेलावर चालत. दोष एवढाच, की ते तापून तापून चिकट राळेसारखं बसतं. म्हणून पुढे खनिज तेलानं त्याची जागा घेतली.

गॅरेजात आजही ‘जड तेल’, ‘हलकं तेल’ म्हणतात. हे शब्द फसवे आहेत. मर्वच्या अल-खाझिनी यांनी बाराव्या शतकात तराजूवर ग्रंथ लिहिला आणि धातूंबरोबर द्रवांचीही घनता मोजली. पण घनता म्हणजे वजन. इंजिन ऑइल वजनाला पाण्यापेक्षा हलकं असतं, ते पाण्यावर तरंगतं, आणि तरीही पाण्यापेक्षा कितीतरी दाट असतं. हा दाटपणा, शास्त्रात ज्याला श्यानता म्हणतात, म्हणजे वाहायला होणारा विरोध. हलवायाला हे बरोबर ठाऊक असतं. तो पाक वजनानं जोखत नाही, बोटांत धरून एकतारी की दोनतारी ते बघतो. आणि पाक गरम असताना पातळ, निवल्यावर घट्ट, हेही त्याला सांगावं लागत नाही. तेलाचा सगळा प्रश्न एवढाच आहे: तापल्यावर किती पातळ व्हायचं आणि गारठ्यात किती घट्ट.

भंडारदऱ्याच्या धरणाचं काम १९१० साली सुरू झालं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९११ साली, अमेरिकेतल्या एसएई या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेनं तेलाच्या दाटपणाची वर्गवारी छापली. तेव्हाची परीक्षाही साधी होती. ठरलेल्या तापमानाचं ठरावीक तेल बारीक छिद्रातून गळायला किती सेकंद लागतात, ते मोजायचं. आज एसएई ३० म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, एसएई ४० म्हणजे १२.५ ते १६.३. पाणी २० अंशाला साधारण १ भरतं. म्हणजे ३० हा आकडा स्वतः कशाचंच माप नाही, ते एका कप्प्याचं नाव आहे. आपलं एरंडेल या हिशेबात १०० अंशाला १९-२० च्या आसपास, म्हणजे ५० च्या कप्प्यात जाऊन बसतं.

‘डब्ल्यू’ नंतर आला. तो ‘विंटर’चा, म्हणजे हिवाळ्याचा. तिकडच्या बर्फात तेल खिरीसारखं घट्ट व्हायचं, इंजिन फिरायचंच नाही, म्हणून लोक हिवाळ्यात पातळ आणि उन्हाळ्यात दाट तेल भरत. पुढे तेलात लांब साखळ्यांचे रेणू घालायची युक्ती निघाली. ते गारठ्यात आखडून बसतात, तापले की पसरतात, आणि एकाच डब्यातलं तेल दोन्ही ऋतूंत चालतं. १०डब्ल्यू-३० म्हणजे थंडीत १०डब्ल्यूची परीक्षा पास, तापल्यावर ३० च्या कप्प्यात. १०डब्ल्यूची ती परीक्षा उणे २५ अंशाला घेतात, २०डब्ल्यूची उणे १५ ला.

आता राजूर. कळसूबाईच्या अंगाला थंडी कडक असते, पण उणे १५ कुठून आणणार? गाडी सुरू होण्यापुरतं पाहिलं तर पहिला आकडा आपल्याला निरुपयोगी वाटेल. पण सकाळी किक मारल्यावर तेल इंजिनच्या माथ्यापर्यंत चढायला वेळ लागतो आणि तेवढ्यात झीज होऊन जाते. पातळ तेल लवकर चढतं. दुसरा आकडा मात्र इथे रोजचा आहे: घोटीकडून बारीचा घाट चढणारी भरलेली जीप तेल चांगलंच तापवते.

यातूनच आपल्या मिस्त्रींची ‘दाट तेच चांगलं’ ही समजूत तयार झाली, आणि तिला अडाणीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. (मिस्त्री हा शब्द पोर्तुगीज, उस्ताद फारसी, गॅरेजात दोन्ही एकाच माणसाला लागतात.) ॲम्बॅसडर, पद्मिनी, जुनी महिंद्रा जीप यांच्या इंजिनांत भागांमधली फट मोठी, झिजून ती आणखी मोठी होई. तिथे २०डब्ल्यू-५० नं आवाज कमी व्हायचा, तेल जळायचं कमी. बोटांच्या चिमटीत तेल धरून उस्तादानं शागिर्दाला शिकवलेलं ते ज्ञान त्या इंजिनांसाठी खरं होतं.

इंजिनं बदलली. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. फटी बारीक झाल्या, तेलाच्या वाटा अरुंद झाल्या, आणि काही नव्या पेट्रोल मोटारींना कंपनी ०डब्ल्यू-२० सांगते. त्यांत ५० चं तेल घातलं तर पंपावर ताण येतो, इंधन जास्त लागतं. चिमटीला हा फरक कळत नाही, कारण तेल काम करतं १०० अंशाला आणि चिमटीत येतं ते गार झालेलं.

मोटरसायकलची गोष्ट आणखी वेगळी. बहुतेक गाड्यांत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात बुडलेले असतात. गिअरचे दाते ते लांब रेणू चिरडतात, म्हणून हलक्या प्रतीचं ४० काही हजार किलोमीटरांत ३० होऊन बसतं. मोटारीच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असली तर क्लच घसरतो. म्हणून दुचाकीच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ शोधावं. ‘एमबी’ कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी. ‘एपीआय’पुढची अक्षरं, पेट्रोलला ‘एस’नं सुरू होणारी, डिझेलला ‘सी’नं, तेलाची प्रत सांगतात. आकडा प्रत सांगत नाही. २०डब्ल्यू-५० हे १०डब्ल्यू-३० पेक्षा ‘भारी’ नसतं.

हे एवढं सविस्तर लिहायचं कारण गिऱ्हाईक नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लिम कामगार ज्या धंद्यांत जास्त दिसतात, त्यांत वाहनदुरुस्ती आहे. हे काम शाळेत नाही, हाताखाली राहून शिकलं जातं. नव्या गाडीचं इंजिन चुकीच्या तेलानं बसलं की कंपनी वॉरंटी नाकारते, बोट गॅरेजकडे जातं, आणि पुढच्या वेळी तेच गिऱ्हाईक संगमनेरच्या किंवा नाशिकच्या सर्व्हिस सेंटरला जातं. हातात कसब असूनही धंदा जातो तो असा. योग्य ग्रेड गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत एका ओळीत दिलेली असते. ती बहुतेकदा इंग्रजीत, सीटखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेली सापडते.