मुलकोवालची बाटली

औषधानेच माणसाला अपाय झाला की समाजाचा पहिला प्रश्न ‘हे कोणी केले?’ असा असतो. ‘हे कसे घडले?’ हा प्रश्न मागाहून येतो, कधी कधी फारच मागाहून. प्लेगच्या लशीचा इतिहास आम्ही पुन्हा चाळला तो याचसाठी.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढील वर्षी बडोद्याजवळच्या उंडेरा गावी (आमच्या बडोदेकर वाचकांना हे गाव परके नाही) प्रत्येक घरातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचून तिचा पडताळा पाहिला गेला. १८९९ पासून परळच्या प्रयोगशाळेतून लशीच्या बाटल्या दूरदूर जाऊ लागल्या.

त्यांतल्या काही पंजाबातील मुलकोवाल या गावी पोहोचल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तेथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. पैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ते सारे एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. हे गाव आज पाकिस्तानात आहे.

चौकशी आयोगाची दृष्टी परळकडे वळली. कार्बोलिक ॲसिड मिसळण्याची रीत सोडून हाफकिन यांनी जंतुनाशासाठी उष्णतेवर भिस्त ठेवली होती. तेव्हा दोष बाटलीत मुंबईतच शिरला, असे ठरले. हाफकिन यांना पद गमवावे लागले.

वस्तुतः उत्तर साक्षींमध्येच होते. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता खळबळून त्यानेच बूच काढण्यात आले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तेव्हाही ठाऊक होते. शिवाय ते बाटलीत कित्येक आठवडे वाढत असते, तर लशीला दुर्गंधी सुटली असती आणि साचलेल्या विषाने लक्षणेही झटपट दिसली असती. येथे वास आला नव्हता आणि लक्षणे उमटली ती सुमारे आठवड्याने. रोनाल्ड रॉस प्रभृती दहा शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हे मांडले. त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. परळचे संचालकपद मात्र त्यांना परत लाभले नाही, ते कलकत्त्यास गेले.

तथापि हाफकिन यांच्या माथ्यावरचा दोष उचलून त्या मदतनिसाच्या माथी मारावा, हेही आम्हांस रुचत नाही. खेड्यात एका दिवसात शंभरावर माणसांना टोचावयाचे. पडलेले हत्यार पुन्हा उकळावयास सवड आणि साधन त्याला कोणी दिले होते? एका माणसाच्या अपराधाचा वाद सुमारे पाच वर्षे रंगला. त्या अवधीत चिमट्याची हकीकत कागदांत पडून होती.