परसातलं खापर

नेवासे हे माझं आजोळ. मामूंनी गेल्या वर्षी घरामागच्या परसात डाळिंबाचं रोप लावायला खड्डा खणला, तर हातभर खोलीवर एक जाड खापर निघालं. बाहेरून पिवळट, आतून काळंकुट्ट.

नेवाशात खापरं निघतातच. प्रवरेकाठच्या लाडमोड टेकाडावर १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, शां. भा. देव आणि झेड. डी. अन्सारी यांनी त्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात अश्मयुगीन हत्यारांपासून मुस्लिम-मराठा काळापर्यंतचे थर नोंदवले आहेत. मधल्या एका थराचं नावच त्यांनी 'इंडो-रोमन' ठेवलं. दारू भरून येणाऱ्या दोन कानांच्या रांजणांचे, म्हणजे अँफोरांचे, तुकडेही तिथं मिळाले.

एवढं गावात सगळ्यांना ऐकून ठाऊक. त्यामुळे मामेभावानं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला : 'आपल्या परसात रोमन भांडं!' मामींनी खापर धुऊन शोकेसमध्ये ठेवलं. शेजारीपाजारी बघून गेले.

मी ते पुण्यात जुन्या भांड्यांचा अभ्यास करणाऱ्या एका स्नेह्यांना दाखवलं. त्यांनी आतला काळा थर निरखला आणि म्हणाले, "हे रोमन नाही. इराककडचं आहे." रोमन अँफोराला मान आणि दोन कान असतात. इराककडच्या या रांजणाला ना मान, ना कान; खाली निमुळता होत गेलेला, म्हणून त्याला टॉर्पेडो जार म्हणतात. आतून डांबराचा लेप. भारतात पूर्वी रोमन समजलेली अनेक खापरं रॉबर्टा टॉम्बर या अभ्यासिकेनं पुन्हा तपासली आणि त्यातली कितीतरी याच जातीची निघाली. त्यांचा तो लेख २००७ साली आला. सासानी राजवटीपासून इस्लामच्या पहिल्या काही शतकांपर्यंत हे रांजण समुद्रमार्गे येत होते.

मी मामूंना फोन केला. "असं का? म्हणजे रोमन नाही," ते म्हणाले. आवाज पडला होता. पुढच्या खेपेला गेलो, तर शोकेसमध्ये चिनी मातीचा ससा होता आणि खापर मोरीजवळच्या कोनाड्यात.

मला ते लागलं. खापर तेच, माती तीच. रोमचं म्हटलं की गावाची शान, इराकचं म्हटलं की 'बाहेरचं'. हा शब्द आमच्या वाट्याला रोज येतो. पण आमच्याच घरात, आमच्याच हातून तो खापराला लागावा? रोम तरी कुठं नगर जिल्ह्यात आहे!

व्यापाऱ्यांनी असा भेद केला नव्हता. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात इटलीची दारू आहे, तशी अरबस्तानचीही. पैठण आणि तेरचा माल त्याच बंदराकडे जात होता. पुढे ९१५-१६च्या सुमारास अल-मसूदी हा प्रवासी चौलला आला. तिथं दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि इथंच जन्मलेलेही. दिल्लीत सुलतान बसायला तेव्हा अजून तीनशे वर्षं होती. ही माणसं फौजेबरोबर नव्हे, मालाबरोबर आली होती.

हे सगळं मी मामूंना सांगितलं. खापर कुठं, किती खोल, कोणत्या दिवशी सापडलं, याची चिठ्ठी लिहून दोघांनी त्याला बांधली; ही नोंद नसेल तर खापर मुकं होतं. मामूंनी ते परत शोकेसमध्ये ठेवलं. मग खिडकीतून परसाकडे बघत म्हणाले,

"काय रे, डाळिंबपण मुळात इराणकडचंच ना?"

रोपाला नवी पालवी फुटली होती.