ओढाळ गुरे, लोढणे आणि कोंडवाडा : गुरे राखण्याच्या ग्रामव्यवस्थेतील स्थित्यंतर

प्रस्तावना :
महाराष्ट्राच्या कृषिइतिहासात जमीन, महसूल आणि कर्ज या विषयांची चर्चा विपुल प्रमाणात झाली आहे. त्या तुलनेत चराई आणि गुरे राखणे हे विषय काहीसे उपेक्षित राहिले. वास्तविक बैलाशिवाय शेती नव्हती आणि चराईशिवाय बैल नव्हता. नव्या चराईत आणलेले जनावर तेथे स्थिरावावे, पळून जाऊ नये व दुसऱ्याच्या पिकात शिरू नये, ही प्रत्येक गावाची दैनंदिन गरज होती. ही गरज गावाने कशी भागविली आणि एकोणिसाव्या शतकातील कायद्यांमुळे त्या व्यवस्थेत कोणते परिवर्तन झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पारंपरिक व्यवस्था :
गुरे कळपाने राहणारी असतात. बाजारातून विकत आणलेली गाय किंवा बैल आपला जुना कळप, जुना गोठा आणि पाणवठा सहजासहजी विसरत नाही. असे जनावर लगेच रानात सोडले तर जुन्या गावाची वाट धरते. म्हणून नवे जनावर प्रथम काही दिवस दावणीलाच बांधून ठेवीत. वैरण, पाणी आणि धन्याचा आवाज यांची सवय झाल्यावर त्याला एखाद्या शांत, जुन्या गाईसोबत चरावयास नेत. नव्या जागी पहिल्यांदा सोडताना ते उपाशी नसावे, याचीही काळजी घेतली जाई. कारण भुकेले जनावर प्रथम हिरव्या पिकाकडेच वळते.

इतके करूनही जे जनावर कळप सोडून भटके, त्याला 'ओढाळ' म्हणत. त्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका, म्हणजे लोढणे, अडकवीत. चालताना ते पायांत येत असल्याने जनावराला पळता येत नसे, मात्र चरता येई. 'गळ्यात लोढणे' हा वाक्प्रचार याच साधनावरून रूढ झाला. याशिवाय वेसण, कासरा आणि बाभळीच्या काट्यांचे कुंपण हीही साधने होती. तथापि खरे कुंपण गुराखी हाच होता. सकाळी गावाची गुरे गोठणावर किंवा विदर्भात आखरावर एकत्र होत, तेथून गुराखी ती रानात नेई आणि सायंकाळी परत आणी.

या व्यवस्थेतील सीमा ऋतूनुसार बदलत असे. पीक उभे असताना जे शेत निषिद्ध होते, तेच काढणीनंतर गुरांसाठी खुले होई. त्यामुळे गुरांना अटकाव करणे आणि त्यांना वाट देणे या दोन्ही गोष्टी गावाच्या परस्पर समजुतीवर अवलंबून होत्या.

कायद्याचा प्रवेश :
गुरांच्या अतिक्रमणाविषयी १८५७ मध्ये कायदा झाला. पुढे १८७१ च्या गुरे अतिक्रमण अधिनियमाने या विषयावरील तरतुदी एकत्रित केल्या. पिकाचे नुकसान करणारे गुरू पकडून कोंडवाड्यात पाठविण्याचा अधिकार शेत कसणाऱ्यास मिळाला. धन्याने दंड आणि वैरणपाण्याचा खर्च भरल्यावरच जनावर सुटत असे. विहित मुदतीत कोणीही न आल्यास त्याचा जाहीर लिलाव होई.

या कायद्यातील एक तरतूद विशेष लक्षणीय आहे. गुरे पकडण्याचा अधिकार केवळ कसणाऱ्यालाच नव्हता. पिकासाठी रोख रक्कम आगाऊ देणारा, तसेच पीक विकत किंवा गहाण घेणारा यांनाही तो होता. याच दशकात, १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्धच्या दंग्यांना प्रारंभ झाला. या दंग्यांचा कोंडवाड्याशी थेट संबंध जोडता येणार नाही. परंतु उभ्या पिकावरील सावकाराचा हक्क गुरांपर्यंत कसा पोहोचत होता, हे या तरतुदीवरून स्पष्ट होते.

वने आणि गायराने :
दुसरीकडे चराईचे क्षेत्रच आकुंचित होत होते. १८७८ च्या वन कायद्याने राखीव वनांची व्यवस्था दृढ केली. ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या गुरे चरत होती, तेथे चरणे हा अपराध ठरू लागला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात गायराने व डोंगर वनखात्याकडे गेल्यामुळे गरीब शेतकऱ्यांची जनावरे उपाशी राहू लागल्याची तक्रार मांडली आहे. पुढे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव वनातील गुरांना १८७१ चाच कायदा लावला आणि दंडाची कमाल मर्यादा हत्तीस दहा रुपये, म्हशीस दोन रुपये, गाय-बैलास एक रुपया, तर वासरू व शेळी-मेंढीस आठ आणे अशी ठरविली. शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्यांना डोईमागे आठ आणे हा दंड जड होता.

स्वातंत्र्यानंतर मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ अन्वये कोंडवाडा ग्रामपंचायतीच्या कक्षेत आला. गायरानांचा प्रश्न मात्र सुटला नाही. सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी निर्देश दिले, यावरून त्याची तीव्रता ध्यानात येते.

समारोप :
लोढणे आणि कोंडवाडा ही दोन्ही बंधनेच होत; परंतु त्यांमागील दृष्टी भिन्न आहे. लोढणे जनावराचा स्वभाव ओळखून त्याला चराईतच ठेवीत असे. कोंडवाडा जनावर चुकल्यानंतर त्याच्या धन्याला दंड करीत असे. पिकाचे रक्षण आवश्यकच होते आणि नुकसान सोसणारा शेतकरीही अनेकदा गरीबच असे, हे नाकारता येत नाही. मात्र दंडाची व्यवस्था विस्तारत असताना चराईची व्यवस्था आक्रसत गेली, ही या इतिहासातील मूलभूत विसंगती होय. पोटभर चारा, ओळखीचा कळप आणि जाणता गुराखी लाभलेले जनावर सहसा पळत नाही. मोकाट गुरांच्या प्रश्नाचा विचार करताना कोंडवाड्याआधी गायरानाचा विचार व्हावा, असे हा इतिहास सुचवितो.